राजा नाही विचारला मी, करणाऱ्याचं नाव सांग

गेल्या महिन्यात एका रविवारी नान्नांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन कुडलला जाऊन आले. आपलं हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात ते. (बसवेश्वरांचं कूडलसंगम वेगळं, ते कर्नाटकात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, नाव सारखं असल्यामुळे लोकांचा घोळ होतो म्हणून आधीच सांगते.) सोलापुरात जन्म गेला तरी मी तिथं कधी गेले नव्हते, आमच्याकडे पाहुणे आले की सिद्धेश्वर, अक्कलकोट, तुळजापूर, फार तर पंढरपूर, आणि शाळेची सहल असली की विजापूरचा गोलघुमट, संपलं. कुडल कुणाच्या यादीतच नसतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली, नान्नांचे गुडघे दुखतात म्हणून ऊन व्हायच्या आत निघालो.

तिथं हरिहरेश्वराच्या देवळात ते बहुमुखी शिवलिंग आहे. फोटो मी बघितले होते पण समोर उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. एकाच दगडावर ओळीवर ओळी नुसते चेहरे, छोटे छोटे, ३५९ मुखं कोरलीयत आणि लिंग स्वतः एक धरून ३६० म्हणतात. हे देऊळ कित्येक वर्षं मातीखाली होतं, उकरून काढल्यावर हे सगळं वर आलं. मी हात जोडले. नान्नांनीही जोडले पण नंतर, आधी ते वाकून बोट हवेत धरून ओळी मोजायला लागले, ओठ हलत होते. ही सवय मला लहानपणापासून माहितीय. मागावर जॅकार्डचं नवीन डिझाईन आलं की घरी कागद पसरून असंच हवेत बोट फिरवायचे, आणि तेव्हा कुणी बोललेलं चालायचं नाही.

मग सरळ झाले आणि म्हणाले, "कुणी केलंय हे?"

मी म्हणलं, चालुक्यांच्या काळातलं आहे, हजार वर्षांपूर्वीचं.

"राजा नाही विचारला मी. करणाऱ्याचं नाव सांग."

आता नान्नांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर, घरात तेलुगू आणि दारात मराठी, सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. नान्नांनी ३४ वर्षं दुसऱ्यांच्या शेडमध्ये माग चालवले, चादरी आणि टॉवेल. सोलापुरी चादर तुमच्याही घरात असेल, तिचा कोपरा बघा, कारखान्याचं नाव तिथं विणलेलंच असतं, छापलेलं नाही, धाग्यातच. म्हणजे नान्नांनी आयुष्यभर दिवसातून कितीतरी वेळा मालकाचं नाव विणलं, आणि स्वतःचं एकदाही नाही. त्यांनी याची तक्रार कधी केली नाही, पण त्या दिवशी कुडलला त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी तिथं पटकन एक उत्तर देऊन टाकलं, जे आपण सगळेच देतो. म्हणलं नान्ना, त्या काळी लोक देवासाठी करायचे, भक्तीपोटी, नाव लावण्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुणी विचारलं होतं का त्यांना?"

आणि खरंच, हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलेय आणि कधी तपासलंच नव्हतं. घरी आल्यावर वाचायला बसले ते तीन आठवडे वाचतच होते, आणि आता मला वाटतं की ते वाक्य निम्मं खोटं आहे.

आधी कुडलचंच सांगते. तिथंच शेजारी संगमेश्वराचं देऊळ आहे आणि तिथल्या शिलालेखात फार जुनी मराठी सापडते, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. आपल्या सोलापूरचेच शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली शेवटची ओळ "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. कोरणारा कोण ते आपल्याला ठाऊक नाही, पण त्या ओळीत त्याने वाचणाऱ्याला आशीर्वाद दिलाय, म्हणजे हजार वर्षांनी सोलापूरहून गाडी करून आलेल्या मला आणि नान्नांनासुद्धा. मी ती ओळ नान्नांना मोठ्याने वाचून दाखवली तर म्हणाले, अक्षर काढणाऱ्याचा हात सरळ नाही, घाईत होता बहुतेक. एवढं त्यांना दिसतं.

मग वेरूळचं कैलास. सगळ्यांना पाठ आहे की ते वरून खाली कोरत आणलंय, आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर. मला माहीत नव्हतं ते हे की इ.स. ८१२ च्या सुमाराचा राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा एक ताम्रपट आहे, बडोद्याचा, आणि त्यात या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून चकित होतात वगैरे नेहमीचं कौतुक आहेच, पण त्यात असंही आहे की ज्याने ते घडवलं तो शिल्पी स्वतःच थक्क झाला, की हे मी केलं तरी कसं, पुन्हा काही मला असं जमायचं नाही. मी हे वाचून खुर्चीतून उठले. सगळं देऊळ संपलंय, छिन्नीचे आवाज बंद झालेत, आणि एक माणूस अंगणात उभा राहून वर बघतोय आणि त्याला स्वतःच्याच हाताचं आश्चर्य वाटतंय. त्याच्या मनातलं लिहून ठेवलं, आणि नाव नाही लिहिलं! राजाचं नाव, दान कुणाला दिलं त्याचं नाव, सगळं आहे. आता यात त्याची भक्ती कुठं आली, हा तर लिहून घेणाऱ्याचा निर्णय आहे ना.

कारण जिथं नाव लावायची संधी मिळाली तिथं लोकांनी लावलंय. फार लांब नको, आपल्याकडून विजापूर, बागलकोट करत पट्टदकलला जा. तिथलं विरूपाक्षाचं देऊळ राणी लोकमहादेवीने बांधवलं, नवरा विक्रमादित्य कांची जिंकून आला म्हणून, इ.स. ७४० च्या आसपास. तिथल्या लेखात शिल्पी गुंड याचं नाव आहे आणि त्याला त्रिभुवनाचारी अशी पदवी दिलेली आहे, तिन्ही लोकांचा आचार्य! सांचीच्या दक्षिण तोरणावर तर दोन हजार वर्षांपूर्वीचं सरळ एक वाक्य आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलंय. एकट्याचं नाव नाही पण गाव आहे, धंदा आहे. आणि ते समजल्यावर सांचीचं कोरीवकाम इतकं बारीक का ते लगेच कळतं, हात हस्तिदंतावर बसलेला आहे. तिकडे फ्रान्समध्ये ऑतं नावाच्या गावी बाराव्या शतकातलं कॅथेड्रल आहे, दारावर शेवटच्या न्यायाचं शिल्प, आणि मधोमध येशूच्या पायाखाली लॅटिनमध्ये कोरलंय, गिस्लेबर्टसने हे केलं. काही अभ्यासक म्हणतात तो शिल्पकार नाहीच, दाता असावा. असू दे, वाद चालू राहील. मला एवढंच कळलं की नाव लावणं हे पाप आहे असं कुठल्याच धर्मातल्या कारागिराला वाटत नव्हतं.

पण या सगळ्यात माझ्या काळजाला जे भिडलं ते मंदसोरचं प्रकरण. मध्य प्रदेशातलं मंदसोर, त्याचं जुनं नाव दशपूर. तिथला पाचव्या शतकातला एक शिलालेख आहे, वत्सभट्टी नावाच्या कवीने रचलेला, आणि तो कुठल्या राजाच्या पराक्रमाचा नाही, तो विणकरांचा आहे. रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी, म्हणजे संघटनाच म्हणा, लाट देशातून, आजच्या दक्षिण गुजरातकडून, बायकापोरं आणि भाऊबंद घेऊन दशपूरला आली. तिथं स्थिरावली. काहींनी धंदा सोडून धनुष्यबाण शिकला, काही ज्योतिष शिकले, काही कथा सांगायला लागले, आणि बाकीचे विणतच राहिले. आणि या लोकांनी स्वतःच्या कमाईतून सूर्याचं देऊळ बांधलं, इ.स. ४३६ च्या सुमाराला. पुढे त्या देवळाची पडझड झाली तर याच श्रेणीने ४७३ च्या सुमाराला पुन्हा नीट करून घेतलं, आणि हे सगळं दगडावर लिहून ठेवलं. त्यात आपल्या मालाची जाहिरातसुद्धा केलीय! म्हणजे, बाई कितीही तरुण आणि देखणी असू दे, सोन्याचा हार, विडा, फुलं सगळं असू दे, रेशमाच्या वस्त्रांची जोडी नेसल्याशिवाय ती आपल्या माणसाला भेटायला जात नाही.

मी हे नान्नांना आणि अम्माला जेवताना वाचून दाखवलं, तेलुगूत सांगत सांगत. नान्ना जेवायचे थांबले. कारण ही आमचीच गोष्ट आहे ना! आमचे आजे-पणजे तेलंगणातून असेच पोटासाठी सोलापूरला आले, माग घेऊन, मार्कंडेयाला घेऊन. इथंही काही पोलिसात गेले, काही मास्तर झाले, मी बँकेत आहे, आणि बाकीचे विणतच राहिले. इथंही नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. पंधराशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी विणकरांच्या बैठकीत कुणीतरी उठून म्हणालं असेल की देऊळ आपण बांधलंय तर दगडावर आपलं लिहा, आणि ते लिहिलं गेलं. अम्मा म्हणाली, "लिहिणाऱ्याला पैसे त्यांनीच दिले असतील, म्हणून लिहिलं." मला वाटतं यापेक्षा नेमकं कुठल्या इतिहासकाराला सांगता येणार नाही.

नंतर मी त्यांना अर्दबीलच्या गालिच्याचा फोटो दाखवला, लॅपटॉपवर मोठा करून. इराणमधल्या अर्दबीलला शेख सफी या सूफी संताचा दर्गा आहे, त्यासाठी विणलेला, हिजरी ९४६, म्हणजे इ.स. १५३९-४०, ही तारीख गालिच्यातच विणलेली आहे. आता तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असतो, १८९३ पासून. साधारण साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटरहून जास्त रुंद, ताणा-बाणा रेशमाचा आणि वरची लव लोकरीची, हाताने मारलेल्या अडीच कोटींहून जास्त गाठी. मधोमध मोठं सोनेरी चक्र आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक दिवा लटकतोय. बघणाऱ्याला वाटावं की डोक्यावरच्या घुमटातलाच दिवा खाली उतरलाय. दर्ग्यातले असे दोन गालिचे होते, दोन्ही झिजले होते, तर एकाचे तुकडे वापरून दुसरा पुरा केला आणि मग विकला. हे ऐकून नान्ना "अरे देवा" म्हणाले आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

गालिच्याच्या एका टोकाला चौकटीत फारसी ओळी आहेत आणि खाली नाव, मकसूद काशानी, या दरबाराचा दास. मी म्हणलं, बघा नान्ना, विणकराचं नाव! तर ते स्क्रीनजवळ गेले, गाठींचा आकडा मला परत विचारला आणि म्हणाले, "हा एकट्याचा माल नाही. मकसूद मालक होता का मास्तर?"

आणि त्यांचं बरोबर निघालं. अभ्यासकही हेच म्हणतात की मकसूद बहुधा कामावर देखरेख करणारा किंवा नक्षी काढणारा असणार, आणि मागावर एका वेळी दहाएक विणकर शेजारी शेजारी बसून कित्येक वर्षं गाठी मारत असतील. म्हणजे मास्तरचं नाव आलं, तेही काही कमी नाही, पण ते दहा जण राहिलेच.

इथं एक मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवं. सगळीकडे नाव हवंच असंही मला वाटत नाही. आफ्रिकेत मालीमध्ये जेने गावची मोठी मशीद आहे, मातीची, आत्ता उभी आहे ती १९०७ ची. पावसाने माती झिजते म्हणून दरवर्षी सगळं गाव जमून तिला चिखलाचा लेप देतं, भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या लाकडांवर गवंडी चढतात, पोरं चिखल तुडवतात, बायका पाणी आणतात. तिथं नाव कुणाचं लावणार, आणि पुढच्या पावसाळ्यात ते वाहूनच जाईल. तिथं सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसतात. माझं दुखणं तिथलं आहे जिथं काम राहतं, मालकाचं नाव राहतं, आणि करणारे तेवढे पुसले जातात.

आणि या बाबतीत आपल्या जिल्ह्याइतकं मोठं उदाहरण जगात मला तरी सापडलं नाही. मंगळवेढा! चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर मजूर होते आणि ती भिंत कोसळून त्यात गेले, १३३८ साली. नंतर नामदेव महाराज तिथं आले आणि ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि पंढरपुरात महाद्वाराशी समाधी दिली, अशी ही गोष्ट आपल्याकडे सांगतात. ही मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दर वेळी डोळ्यात पाणी येतं. पण आता या वेळी दुसरंच काहीतरी दिसलं, की हाडं कानाला लावून ओळखायला लागली म्हणजे त्या ढिगाऱ्यात हाडं बऱ्याच जणांची होती. चोखोबांचं नाव राहिलं कारण त्यांनी अभंगात ते स्वतःच्या हाताने घातलं होतं, "चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा", नाव ओळीत असं गुंफलंय की काढूच शकत नाही, काढलं तर ओळ मोडते. ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही त्या माणसाने शब्दात नाव विणून ठेवलं. बाकीच्या मजुरांकडे अभंग नव्हते.

यावरून आठवलं, आपण सोलापूरकर दोन परंपरांच्या मधोमध राहतो हे मला आत्ता कळतंय. सिद्धरामेश्वरांच्या वचनांच्या, म्हणजे कन्नड भक्तिरचनांच्या, शेवटी स्वतःचं नाव नसतं, तिथं देवाचं नाव असतं, कपिलसिद्धमल्लिकार्जुन. बहुतेक वचनकारांची हीच पद्धत, जेडर दासिमय्या तर विणकरच होते, जेडर म्हणजेच विणकर, आणि त्यांची सही रामनाथ या देवाच्या नावाने. आणि इकडे पंढरीच्या वाटेवर नामा म्हणे, चोखा म्हणे, तुका म्हणे. एका बाजूला करणारा देवाच्या नावाआड उभा राहतो, आणि दुसऱ्या बाजूला शिंपी, माळी, कुंभार सगळे स्वतःचं नाव घेऊन देवासमोर उभे राहतात. दोन्ही मला आवडतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे काय लिहायचं ते करणाऱ्याने स्वतः ठरवलंय. नान्नांनी विचारलेलं तेच तर होतं.

मागच्या आठवड्यात मी त्यांना युरोपातल्या जुन्या कॅथेड्रलांच्या दगडांवरच्या खुणांबद्दल सांगितलं. बाण, तारा, काटकोन, अशा साध्या खुणा, प्रत्येक पाथरवटाची वेगळी. यातल्या बऱ्याचशा अशासाठी असायच्या की कुणी किती दगड घडवले ते मोजून मजुरी देता यावी. मला वाटलं हे ऐकून त्यांना वाईट वाटेल, की बघा, सही नाहीच, नुसता हिशोब. तर ते खूश झाले! म्हणाले आमचं तसंच होतं की, नगावर मजुरी, चादरीच्या घडीवर खडूने मागाचा नंबर टाकायचे, धुलाईला गेली की नंबर गेला.

मग उठले आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली मला. आत पाच जुन्या चादरी, बोनसमध्ये आणि कधी डागी माल म्हणून मिळालेल्या, अम्माने नॅप्थॅलीनच्या गोळ्या घालून जपलेल्या. नान्नांनी एकेक जमिनीवर पसरली आणि डिझाईनकडे बघितलंच नाही, दोन्ही काठ बोटांतून फिरवत गेले. म्हणाले, माझ्या मागाचा धोटा डावीकडे जरा जास्त ओढायचा, त्यामुळे डावा काठ किंचित आत येतो, कितीही दुरुस्त केलं तरी यायचाच. दोन चादरी बाजूला काढल्या, या माझ्या. मग उरलेल्या तीन पुन्हा हातात घेतल्या, खूप वेळ घेतला, आणि तिन्हींची तीन नावं सांगितली. एकजण शेजारच्या मागावरचा, एकजण रात्रपाळीचा, तिसरा तर लवकरच वारला, म्हणाले, त्याची गाठ बघ किती बारीक आहे, तुटलेला धागा जोडलेला कळतच नाही.

मी तिन्ही नावं कागदावर लिहून घेतली. इथं लिहिणार होते, पण नान्ना म्हणाले आधी त्यांच्या घरी विचार, दोघांची घरं विडी घरकुलात आहेत आणि वारला त्याची मुलगी आपल्याच गल्लीच्या मागं राहते. रविवारी जाणार आहे. चादर सोबत घेऊन जा असं अम्मा म्हणतेय.